अंबागेटवरून लिहिलेला विलायतचा दौरा

मी इंग्लंड पाहिलेलं नाही. तरी साठीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आमच्या दैनिकाचा 'लंडनचा खास प्रतिनिधी' मीच होतो. बसायचो अमरावतीत, अंबागेटजवळच्या आमच्या हपिसात, टिनाच्या छपराखाली, गळ्यात ओला पंचा टाकून. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले गमतीदार किस्से मागवले आहेत. किस्से भरपूर आहेत. गमतीदार किती, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. मला हल्ली जुन्या गोष्टींचं हसू कमी येतं आणि चीड जास्त येते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वर्तमानपत्र म्हटलं की यंत्रं खडखडताहेत, तारा येताहेत, बातमीदार धावताहेत. आमच्याकडं एक रेडिओ होता, एक पायानं चालवायचं छपाईयंत्र होतं, खिळे जुळवणारे चौघे होते आणि मी होतो. आकाशवाणीवर दिवसातून एकदा धीम्या गतीच्या बातम्या लागत. बाई एकेक शब्द सुटा करून वाचायची, कारण देशभरातले माझ्यासारखे गरीब उपसंपादक तो उतरवून घेत असत. मुंबईचे पेपर गाडीनं बडनेऱ्याला उतरत आणि आमच्या टेबलावर येईस्तोवर शिळे होत. उरलेला मजकूर आम्ही डोक्यातून काढत असू. पेपर रोज आठ पानी निघत असता तर मी वेडाच झालो असतो; चार पानी होता म्हणून निभावलं.

क्रिकेटची गोष्ट वेगळी होती. विलायतेत सामना सुरू व्हायचा तेव्हा आमच्याकडं दुपारचा चहा झालेला असायचा. लघुलहरींवर तिकडचं धावतं वर्णन लागे. लागे म्हणजे काय, तर खरखर, मग दोन वाक्यं, मग शिट्टी, मग पुन्हा खरखर. मी रेडिओच्या जाळीला कान लावून बसायचो. ऐकू आलेल्या दोन वाक्यांचा एक परिच्छेद करायचो. फलंदाज बाद झाला एवढंच कळलेलं असे. तो मान खाली घालून कसा परतला, हे मी लिही. आपल्या संघाचं वर्णन करताना हे सोपं जायचं, कारण आपले फलंदाज बहुतेक मान खाली घालूनच परतत.

'खास प्रतिनिधीकडून' ही ओळ मालकांची. मालक म्हणजे आमच्या दैनिकाचे संस्थापक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक. कापसाच्या जिनिंगच्या धंद्यात कंटाळा आला म्हणून पेपर काढलेला माणूस. स्वभावानं वाईट नव्हते. हस्ताक्षर मोत्यासारखं होतं, त्यामुळं हपिसाबाहेरच्या काळ्या फळ्यावर संध्याकाळच्या ठळक बातम्या खडूनं लिहिण्याचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. तो फळा म्हणजे आमचा खरा पेपर. छापील अंक सकाळी विकत घ्यावा लागे, फळा फुकट. संध्याकाळी त्याच्यासमोर शेपन्नास माणसं जमायची, सायकली टेकवून वाचायची आणि वर आम्हालाच सल्ले द्यायची.

त्या वर्षी तिकडं पावसानं उच्छाद मांडला होता. इकडं मृग कोरडा चालला होता, अमरावतीची माती पायाला चटके देत होती, आणि मी रोज लिहीत होतो की मैदानावर पाणी साचलं आहे, पंच छत्र्या घेऊन पाहणी करताहेत. आपला संघ तर असा, की पाऊस थांबला की हरायचा. कसोट्या एकामागून एक जात होत्या. त्यामुळं आमचे वाचक देवाला दोन वेगवेगळ्या ठिकाणचा पाऊस एकदमच मागत होते.

अकोल्याला आमचे एजंट बापूराव होते. जुन्या शहरात मोर्णा नदीच्या बाजूला त्यांचं पानाचं दुकान, तिथंच आमचे अंक विकत. रोज संध्याकाळी त्यांचा ट्रंककॉल यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच प्रश्न: "पानी पडून राह्यलं का तिकडं?" मी हो म्हटलं की ते खूश होऊन जास्त अंक मागत. त्यांचा अनुभव असा, की हरल्याचा अंक अकोल्यात कुणी घेत नाही, पावसाचा घेतात, कारण त्यात अजून आशा असते. धंद्याचं इतकं सरळ गणित मला मालकांनीसुद्धा शिकवलं नाही.

आता प्रल्हाद तायडेचं सांगतो. हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्याकरताच.

प्रल्हादला मी पहिल्यांदा पाहिलं ते अकोल्यात, एका प्रांतिक सामन्यात. आमच्याकडं तेव्हा हिरवळीची खेळपट्टी नसे. काळ्या मातीवर काथ्याची मॅट ताणून खिळे ठोकायचे आणि खेळायचं. अशा मॅटवर वेगानं टाकलेला चेंडू फलंदाजाच्या बरगडीवर येतो. प्रल्हाद उंच, हाडकुळा, बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधला पोरगा. त्या दिवशी त्यानं पाहुण्या संघाला असं काही नाचवलं, की जेवणाच्या सुट्टीत त्यांचा कप्तान आमच्या लोकांना विचारत होता, हा कोण, कुठला. पुढं दौऱ्याला निवडलेला एक वेगवान गोलंदाज ऐनवेळी आजारी पडला आणि त्याच्या जागी प्रल्हादचं नाव आलं. वऱ्हाडातला माणूस राष्ट्रीय संघासोबत विलायतेला निघाला. मालकांनी त्याच दिवशी ठरवलं: परत आला की बडनेऱ्यापासून मिरवणूक, टाउन हॉलात सत्कार, आणि आमची खास पुरवणी.

प्रल्हादचे वडील सुदामराव बडनेऱ्याला पॉइंट्समन होते. गाडीनं कोणत्या रुळावर जायचं ते सांधे फिरवून ठरवणारा माणूस. दौरा सुरू झाल्यावर ते ड्यूटी संपली की निळ्या शर्टातच बसनं अमरावतीला येत आणि हपिसाच्या दाराशी बाकावर बसत. मी आत खुर्ची दिली तरी येत नसत. त्यांच्या घरी रेडिओ नव्हता, आणि असता तरी इंग्रजी कळलं नसतं. मी कान जाळीपासून काढला की ते विचारत, "भाऊ, आज पल्हादले बॉल भेटला का?"

बॉल भेटत नव्हता. मी तेवढंच सांगायचो, ते मान हलवायचे आणि शेवटच्या बसची वेळ होईपर्यंत बसून राहायचे. मला सुरुवातीला त्यांची अडचण वाटायची. मग सवय झाली. मग एखाद दिवशी उशीर झाला तर माझंच लक्ष दाराकडं जाऊ लागलं.

एका परगण्याच्या, म्हणजे कौंटीच्या, संघाशी तीन दिवसांचा सामना होता. आदल्या संध्याकाळी रेडिओवर संघ जाहीर झाला, त्यात प्रल्हादचं नाव होतं. मालकांनी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून बसभर माणसं आली, सगळी रेल्वेची, धुतलेले कपडे घालून. सुदामराव पुढं. मी रेडिओ लावला. निवेदक म्हणाला, अजून खेळ सुरू झाला नाही, पाऊस आहे. मग त्यानं तासभर तिथल्या जुन्या सामन्यांच्या आठवणी सांगितल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी निवेदकाच्यासुद्धा आठवणी संपल्या. तीन दिवसांत एक चेंडू पडला नाही. सुदामराव म्हणाले, चालायचंच, पाण्यापुढं कुणाचं चालतं. आणखी एका सामन्यात पुन्हा नाव आलं, पुन्हा मैदान पाण्याखाली. तेव्हाही त्यांनी तक्रार केली नाही.

मग कसोटी आली. आपले दोन वेगवान गोलंदाज जायबंदी झाले होते. आकाश ढगाळ, खेळपट्टी ओलसर. तिकडचे गोरे निवेदक स्वतः म्हणत होते की आज भारतानं उरलेला वेगवान गोलंदाज घेतलाच पाहिजे. उरलेला म्हणजे एकच होता. मी बाहेर येऊन सुदामरावांना हे सांगितलं. सांगायला नको होतं असं मी म्हणणार नाही. खरं तेच सांगितलं. ते बाकावरून उठून उभे राहिले आणि उभेच राहिले. मग संघ जाहीर झाला. एक फलंदाज जास्त घेतला होता. हरण्याची भीती असली की आपले लोक फलंदाज वाढवत. प्रल्हाद बारावा गडी.

बारावा गडी म्हणजे काय ते क्रिकेट न कळणाऱ्यांसाठी सांगतो. खेळणारे अकरा. बारावा बसून राहतो. कुणाला लागलं तर त्याच्या जागी धावायचं, पण गोलंदाजी करायची नाही. आणि मधल्या सुट्टीत खेळणाऱ्यांना मैदानात प्यायला नेऊन द्यायचं.

खेळ सुरू झाला आणि ऊन पडलं. दौऱ्यातलं ते एक नवलच. पावसानं ज्याचे सामने नेले त्याला बसवून ठेवलं आणि पाऊस उघडला. आपल्या गोलंदाजांना त्यांचे फलंदाज धुवून काढत होते. मध्येच निवेदक म्हणाला की ड्रिंक्सची वेळ झाली, आणि 'टायडी' नावाचा उंच तरुण ट्रे घेऊन मैदानात येतो आहे. टायडी म्हणजे तायडे हे कळायला मला एक क्षण लागला. संबंध दौऱ्यात त्याचं नाव सामना चालू असताना पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं, तेही मोडून.

मालक खडू घेऊन उभेच होते. आत येऊन म्हणाले, काय म्हणतो रेडिओ? मी म्हटलं, तायडे ड्रिंक्स घेऊन मैदानात आला, पण ते फळ्यावर लिहिण्यासारखं नाही. मालकांना मात्र आपल्या माणसाचं नाव फळ्यावर हवंच होतं. दारापर्यंत जाऊन ते परत वळले. 'ड्रिंक्स' लिहिलं तर लोक दारू समजतील, म्हणाले, दारूबंदीचे दिवस आहेत. तेव्हा त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'तायडेने पाणी आणले.'

आता पुण्याच्या माणसाला यात काही चुकलं असं वाटणार नाही. पण वऱ्हाडात आकाशातून पडतं तेही पाणीच. आमच्याकडं कुणी 'पाऊस आला' म्हणत नाही; पाणी आलं, पाणी गेलं, औंदा पाणी नाही. त्यात कोरडा मृग. फळ्यासमोरची माणसं खो खो हसायला लागली. तायडेनं सगळं पाणी तिकडंच नेलं, म्हणून इकडं टिपूस नाही. तायडेले तार करून वापस बोलवा. मालक दारात उभे राहून लोकांचं हसणं बघत होते, आपली चूक इतकी गाजली म्हणून खूश होते. त्या हसण्यात मीसुद्धा क्षणभर सामील झालो, कारण विनोद चांगला होता.

मग खरा अर्थ कुणीतरी सांगितला, की अहो, पावसाचं पाणी नाही, प्यायचं पाणी. हसू जरा ओसरलं. तेव्हा आमच्या रोजच्या वाचकांपैकी एक गृहस्थ बोलले. सराफ्यातले, पांढरं धोतर, गावात मान. नाव लिहीत नाही. नातवंडं शिकलेली आहेत. ते शांतपणे म्हणाले, "विलायतेपर्यंत गेला, पन तिथं काम कोन्तं भेटलं? पानी वाहाचं. अन् तेबी याच्या हातचं."

पुन्हा हसू आलं. आधीचं नव्हे, दुसरं. ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना दोन्हीतला फरक सांगावा लागत नाही.

सुदामराव बाकावर होते. तायडे मंडळी बौद्ध. छपन्न साली दीक्षेला सुदामराव बायको-लेकरं घेऊन बडनेऱ्याहून नागपूरला गेले होते, प्रल्हाद तेव्हा शाळकरी. ते उठले, मला म्हणाले, येतो भाऊ, आणि गर्दीतून वाट काढत बसकडं निघाले. मी मागोमाग गेलो. बस यायची होती. तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं की त्यांचं गाव अकोटकडचं. गावातल्या विहिरीवर त्यांची आई घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचे, नाही आली तर दुपार व्हायची. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग मला आला होता, आणि तो काढायला माझ्याकडं जागा नव्हती.

हपिसात परतलो तर मालकांनी उद्याच्या अंकासाठी चौकट करायला दिली होती: 'तायडेने पाणी नेले!' मी म्हटलं, हे छापू नका. तो गृहस्थ काय बोलला ते सांगितलं. मालक म्हणाले, तो बोलला ते आपण कुठं छापतोय, आपण तर पावसाचा विनोद छापतोय, लोक हसले म्हणजे वाचतात. चौकट छापली गेली. अकोल्याला तो अंक संपला, बापूरावांनी फोन करून शाबासकी दिली. आठवडाभरात प्रल्हादचं नाव गावभर 'पाणीवाला तायडे' झालं. मॅटवर त्यानं केलेली गोलंदाजी कुणाला आठवेना.

सुदामराव दुसऱ्या दिवशी आले. बाकावर बसले. विचारलं, बॉल भेटला का. ते शेवटच्या सामन्यापर्यंत येत राहिले.

दौरा संपला. आपण सगळ्या कसोट्या हरून परतलो. मी मालकांना सत्काराची आठवण केली. ते चष्मा पुसत म्हणाले, "पानी देनाऱ्याचा काय सत्कार करता भाऊ? लोक हासतीन." टाउन हॉल रद्द, मिरवणूक रद्द, पुरवणी रद्द. यात दुष्टपणा नव्हता हेच मला आजही सहन होत नाही. दुष्ट माणसाशी निदान भांडता येतं.

प्रल्हाद मुंबईहून येणार होता त्या दिवशी मी बडनेऱ्याला गेलो. मुलाखत घ्यायची होती. प्लॅटफॉर्मवर सुदामराव होते, आई होती, क्वार्टरमधली चार माणसं होती. गाडी आली, प्रल्हाद उतरला. संघाचा ब्लेझर अंगावर नव्हता, हातावर घेतला होता. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. पोरगा विलायतेच्या थंडीत उजळला असेल असं मला वाटलं होतं. तो थकलेला दिसत होता.

मी वही काढली आणि उपसंपादकाला सुचतात ते प्रश्न विचारले. खेळपट्ट्या कशा होत्या, चेंडू हलत होता का, थंडी किती. तो एका शब्दात उत्तरं देत होता. सुदामराव बाजूला उभे होते. त्यांना इतके दिवस एकच प्रश्न विचारायचा होता असं मी समजत होतो, आणि त्याचं उत्तर तर त्यांना माहीत होतं. पण त्यांनी विचारला तो दुसराच.

"पल्हाद," ते म्हणाले, "तुह्या हातचं पानी सारे पेले?"

प्रल्हादनं बापाकडं पाहिलं. त्याला फळा माहीत नव्हता, सराफ्यातला गृहस्थ माहीत नव्हता. पण प्रश्न त्याला कळला. अशा घरात तो समजावून सांगावा लागत नाही.

"पेले बाबा. कप्तानबी पेला, सारे पेले," तो म्हणाला. "माह्या हातचं पानी चाललं त्यायले. फक्त माह्या हाती बॉल देला नाई."

सुदामरावांनी त्याची पेटी उचलली आणि आम्ही सगळे क्वार्टरकडं चालू लागलो.

मी संध्याकाळी हपिसात येऊन ते सगळं लिहिलं. 'खास प्रतिनिधी' म्हणून मी त्या दौऱ्यात पानंच्या पानं मजकूर पाडला, त्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आणि कानांनी ऐकलेली एवढीच एक गोष्ट होती. बापाचा प्रश्न आणि पोराचं उत्तर जसंच्या तसं दिलं. मालकांनी वाचलं, लाल पेन्सिल घेतली. म्हणाले, कशाला उगाच गावात वाद. संघात निवड कुणाची करायची ते मुंबईवाले पाहतील. सकाळी अंकात चार ओळी आल्या. मथळा होता: 'पाण्यामुळे संधी हुकली. तायडे यांची खंत.'

मी राजीनामा दिला नाही. घरी तीन लेकरं होती आणि अमरावतीत दुसरा पेपर मला घेणार नव्हता. नंतरही वीस वर्षं तिथंच बसून मी अनेक दौरे लिहिले, त्यातले काही आपण जिंकलोसुद्धा. प्रल्हादला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तो भुसावळला तिकीट तपासनीस झाला आणि गोलंदाजी सोडली, एवढं कानावर आलं.

त्या चार ओळींचा अंक घेऊन सुदामराव त्याच संध्याकाळी आले. या वेळी बाकावर बसले नाहीत, सरळ आत माझ्या टेबलापाशी आले. अंक उघडून मथळ्यावर बोट ठेवलं. मला वाटलं आता बोल लावतील, आणि मी ऐकून घ्यायच्या तयारीत होतो. पण त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"भाऊ, पान्याचं नाव काहून घेता?" ते म्हणाले. "पानी तं साऱ्यायवर पडलं होतं."

अंक माझ्यासमोर ठेवून ते निघून गेले. पुन्हा आमच्या हपिसात कधी आले नाहीत.